स्वस्तातल्या सिंथेसायझरला भाता लावायचा कसा

साडेनऊ हजारांचा सिंथेसायझर घरी आला त्याच रात्री मी तो खोक्यातून काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला, बासरीचा टोन लावला आणि यमन धरला. नि, रे, ग. गंधारावर थांबले आणि मन एकदम खट्टू झालं. सूर लागला तो दिव्याचं बटण दाबल्यासारखा, एका झटक्यात पूर्ण. त्यात फुंकर नाही, चढ नाही. तीन-चार सेकंद धरून ठेवला तर त्यातून वंव-वंव-वंव अशी एकसारखी लाट फिरायला लागली. दुकानात लेकाने शंभर टोन भराभर फिरवून दाखवले होते, तेव्हा यातलं काहीच कानाला लागलं नव्हतं.

बाबा आतल्या खोलीतून आले. चाळीस वर्षं त्यांनी कीर्तनाला आणि भजनाला पेटीची साथ केली आहे. उभ्याउभ्याच त्यांनी एक पट्टी हलकेच दाबली, मग तीच जोरात दाबली. आवाज सारखाच. म्हणाले, "अगं, ह्याला भाता कुठाय?"

तो प्रश्न मी दोन वर्षं सोडवते आहे. पुण्यात कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात मी भावगीतांना आणि भजनांना साथ करते, ती अजून त्याच साडेनऊ हजारांच्या वाद्यावर. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या असल्या वाद्याला सर्रास 'कॅसिओ' म्हणतात; माझा त्या कंपनीचा नाही, आणि प्रश्न एका कंपनीचा नाहीच. या किमतीत प्रत्येकाने कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असतो. तो कुठे घेतलाय हे आधी शोधायचं आणि मग त्यावर इलाज करायचा. वाद्य आणून पहिल्याच आठवड्यात माझ्यासारखा हिरमोड झालेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक संध्याकाळ नुसती तपासणी

परत करायची मुदत असेल तर ती संपायच्या आत हे करा. गाणं वाजवू नका. गाणं वाजवायला बसलं की आपण चुका सावरून घेतो आणि वाद्याचे दोष झाकले जातात.

सगळ्यात आधी बरे हेडफोन लावा. माझ्या वाद्याचे स्पीकर अडीच-अडीच वॅटचे आहेत. खर्ज त्यातून येतच नाही आणि मधले सूर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे येतात. हेडफोन लावल्यावर कळलं की माझी निम्मी नाराजी टोनवर नव्हती, स्पीकरवर होती. वाद्याला बहुधा मोठ्या पिनचं भोक असतं, ६.३५ मिमीचं, आणि मोबाइलच्या हेडफोनला बारीक पिन, ३.५ मिमीची. मधे लावायचा कन्व्हर्टर बुधवारातल्या तपकीर गल्लीत सहज मिळतो. तिथे गाडी लावायच्या भानगडीत पडू नका, मंडईजवळच्या पार्किंगला लावून चालत जा.

मग बाबांनी केली तीच परीक्षा. एकच पट्टी हळू आणि जोरात. आवाज बदलला तर वाद्याला 'टच' आहे. नाही बदलला तर आधी मेनूत 'टच रिस्पॉन्स' बंद तर नाही ना ते पाहा. काही वाद्यांवर तो बंद ठेवूनच देतात. माझ्यात तो मुळातच नाही.

नंतर प्रत्येक आवडत्या टोनमध्ये एक सूर वीस सेकंद धरून ठेवा. बासरी, व्हायोलिन, स्ट्रिंग्ज हे खऱ्या वाद्याचे छोटे तुकडे रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा फिरवलेले असतात. मेमरी कमी म्हणजे तुकडा छोटा, आणि तुकडा छोटा म्हणजे ती वंव-वंव लवकर ऐकू येणार. कुठल्या टोनमध्ये ती किती सेकंदांनी कळते ते वहीत लिहून ठेवा. माझ्या बासरीला तीन सेकंद, स्ट्रिंग्जच्या एका टोनमध्ये मात्र ती जवळजवळ ऐकूच येत नाही. माझ्या शंभर टोनमधले वापरण्याजोगे अकरा निघाले. अकरा पुष्कळ झाले.

शेवटी सूर मोजा. खोक्यावर 'पॉलिफोनी ३२' असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे एका वेळी ३२ सूर बोलतात. बोटं तर दहाच, मग ३२ कशाला लागतात असं मलाही वाटलं होतं. पण पियानोवर स्ट्रिंग्ज चढवले की एका पट्टीला दोन सूर खर्च होतात. रिदम चालू केला की ठेका, बेस, कॉर्ड हे सगळं त्याच ३२ मधून जातं. वर सस्टेन पेडल, म्हणजे सूर लांबवणारं पायाचं पेडल, दाबून ठेवलं की सोडलेल्या पट्ट्यांची आसही त्यातच धरली जाते. आमच्या सरावात खर्जाचा सा मधेच गळायचा. मी महिनाभर वायर सैल आहे म्हणून ती हलवत बसले, नवीन वायरसुद्धा आणली. वायर ठीकच होती, सूर संपत होते.

हे पडताळायचं तर रिदम बंद करा, पेडल दाबून धरा, स्ट्रिंग्जसारख्या न विझणाऱ्या टोनमध्ये खालचा सा लावा आणि उजव्या हाताने एकेक पट्टी चढत जा. आधीचा कुठलातरी सूर गळाला की तिथे तुमची मर्यादा. तो आकडा लहान वाटून घेऊ नका. १९७० सालच्या मिनीमूगवर एका वेळी एकच सूर वाजायचा, आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ वर १६. फक्त खर्चाचा हिशोब ठेवायचा: दोन टोन लावले तर पेडलला हात आखडता, रिदम लावला तर टोन एकच, आणि पेडल कॉर्ड बदलताना दरवेळी पूर्ण सोडायचं.

भाता

आता मुख्य गोष्टीकडे येते.

पेटीवर लोकांनी काय कमी राग काढला? मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर बांधलेले आहेत, आपल्या संगीताला हे वाद्य चालायचं नाही, अशी सगळी कारणं देऊन आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या सगळ्या काळात आणि त्याच्या आधीही गोविंदराव टेंब्यांसारखी माणसं याच वाद्यातून गाणं काढत होती. पट्टीत नसलेलं ते भात्यातून काढत होते. पेटीच्या पट्टीलाही 'टच' नसतो. पट्टी हळू दाबा की जोरात, सूर तेवढाच. लहानमोठं होतं ते भाता हलवणाऱ्या डाव्या हातामुळे. सवाईला जाऊन बसलो की बाबा पेटीवाल्याच्या उजव्या हाताकडे बघतच नाहीत, डाव्याकडे बघतात.

म्हणून एक दिवस मी सिंथेसायझरवर डाव्या हाताने कॉर्ड धरणं सोडून दिलं आणि तो हात व्हॉल्यूमच्या नॉबवर ठेवला. पेटी शिकलेल्या माणसाचा डावा हात या कामाला जन्मभर सरावलेला असतो, त्याला नवीन काही शिकवावं लागत नाही.

करायचं असं. पुढे मिक्सरला किंवा अँपला आवाज असा लावा की तुमचा सगळ्यात मोठा सूर नॉब पाऊणभर फिरवल्यावर मिळेल. खालची हद्द एक तृतीयांशाची. त्याच्या खाली गेलात तर सूर नाहीसाच होतो आणि गाणारीचा आधार तुटतो. आता पट्टी दाबायच्या आधी नॉब खाली. पट्टी दाबा आणि लगेच, फुंकर घातल्यासारखा, वर न्या. सूर मध्यावर आला की तिथेच राहू द्या. बोट उचलायच्या क्षणभर आधी पुन्हा खाली. दिव्याच्या बटणासारखा लागणारा माझा तो बासरीचा सूर अशाने पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखा उमटला. आणि तीन सेकंदांच्या आत तुम्ही आवाज उतरवत आणता, त्यामुळे ती वंव-वंवही झाकली जाते. एका इलाजात दोन दुखणी गेली.

सुरुवातीला मनगट आखडतं. नॉब दोन बोटांत चिमटीत धरून फिरवू नका. तर्जनीचं टोक त्याच्या कडेवर ठेवा आणि नुसतं पुढेमागे सरकवा. एक ओळ, एकच ओळ, आठ दिवस. मी 'सा नि ध प' एवढंच करत असे, सकाळी दूध तापत असताना.

यात दोन अडचणी आहेत. नॉब फिरवला की रिदमचा आवाजही त्याच्यासोबत लहानमोठा होतो, म्हणून या पद्धतीत रिदम बंद. आमच्याकडे ढोलकीला एक काकू आहेत, त्या असताना रिदमची गरजही नाही. दुसरं, तुमच्या वाद्यावर नॉबच्या जागी अधिक-उणे बटणं असतील तर हे जमणार नाही, आवाज पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो. मग वाद्य आणि अँप यांच्या मधे पायाचं व्हॉल्यूम पेडल लावा. दुकानात कीबोर्डचं, स्टिरिओ पेडल मागा. गिटारवाल्यांचं लावलं तर बहुधा अर्ध्या वाटेवरच आवाज एकदम उडी मारतो. पेडलमुळे दोन्ही हात मोकळे राहतात हा फायदा, पण खरं सांगायचं तर माझ्या पायाला डाव्या हाताइतकी समज अजून आलेली नाही.

टोनची निवडही याच नजरेने करा. टच नसलेल्या वाद्यावर पियानो वाजवून निराश होण्यात अर्थ नाही, पियानो हे वाद्य मुळी हळू-जोरात यावर उभं आहे. ऑर्गन, हार्मोनियम, स्ट्रिंग्ज, पॅड हे टोन घ्या. चर्चच्या ऑर्गनच्या पट्टीलाही टच नसतो आणि त्यावर शतकानुशतकं संगीत वाजतं आहे.

मींड आणि गंधार

वाद्याला पिच बेंडचं, म्हणजे सूर वरखाली सरकवायचं, चाक असेल तर तुमचं नशीब चांगलं. ते बहुतेक ठिकाणी दोन सेमीटोनवर (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) लावलेलं येतं, म्हणजे शुद्ध मध्यमावरून पंचमापर्यंत पूर्ण चाक, आणि शुद्ध गंधारावरून मध्यमापर्यंत अर्धं. अर्ध्यावर नेमकं थांबायचा सराव डोळे मिटून करा, कान ठरवेल कुठे थांबायचं ते.

माझ्याकडे चाक नाही. मग पेटीवाले करतात तेच, कण, म्हणजे एका सुराला दुसऱ्याचा ओझरता स्पर्श. भूपात पंचमावरून गंधारावर यायचं असेल तर प ची पट्टी पूर्ण सुटायच्या आत ग दाबायचा. मधे फट राहिली तर सूर तुटक येतो, दोन्ही पट्ट्या जास्त वेळ दबल्या तर कालवा होतो. या दोन्हींच्या मधली जी निमिषभराची जागा आहे ती सापडली, आणि त्याच वेळी डाव्या हाताने नॉब जरासा उतरवला, की ऐकणाऱ्याला सूर घसरत आल्यासारखा भासतो. खरी मींड ही नव्हे. पण गाणारीच्या मींडेखाली ठेवली तर तिच्या आड येत नाही, आणि साथीला तेवढं हवं असतं.

गंधाराचं दुखणं वेगळं. कीबोर्डवर बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, प्रत्येकी १०० सेंट (सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर असतो, कीबोर्डचा ४०० वर. म्हणजे १४ सेंट चढा. शुद्ध निषाद १२ सेंट चढा. पंचम मात्र अवघे दोन सेंट उतरलेला, तो कुणाला खुपत नाही. तंबोऱ्याचं अ‍ॅप लावून यमन वाजवला की त्रास होतो तो यामुळे, आणि यात वाद्य स्वस्त असण्याचा दोष नाही, लाखाच्या वाद्यावरही कारखान्यातून सूर असेच लावून येतात. महागड्यांत प्रत्येक सूर वेगळा सरकवायची सोय असते, एवढाच फरक.

इलाज सोपा आहे. नॉब सोडून डाव्या हाताने कॉर्ड धरलीत तर तिच्यातून गंधार काढून टाका. सा आणि प, एवढंच धरा. गंधारावर उजव्या हातानेही मुक्काम करू नका, स्पर्श करून पुढे जा आणि तो सूर गाणारीसाठी मोकळा ठेवा. आमच्या मंडळातल्या एक वहिनी आवाजाने फार सुरेल आहेत. मी गंधार सोडायला लागल्यापासून त्यांनी एकदाही 'जरा चढा वाटतोय का गं?' असं विचारलेलं नाही. आधी दर मंगळवारी विचारायच्या.

कार्यक्रमाच्या दिवशी

पहिल्या वर्षीच्या कोजागरीला मी फार वाईट अनुभव घेतला. दोन भजनं झाली, मग पाहुण्यांचं भाषण. ते पस्तीस मिनिटं चाललं. असली पुष्कळ वाद्यं तीस मिनिटं कुणी हात लावला नाही की आपोआप बंद होतात, हे मला माहीत नव्हतं. भाषण संपलं, वहिनींनी सूर मागितला, वाद्य मेलेलं. घाईघाईने चालू केलं, पण बंद होताना ते सगळं विसरलं होतं. मी ट्रान्सपोज करून, म्हणजे सगळे सूर एकदम सरकवून, काळी चारवर लावलं होतं, ते पांढरी एकवर आलं. टोन पहिला, म्हणजे पियानो. मी भलत्याच पट्टीत सुरुवात केली आणि वहिनी भर गच्चीवर, सगळ्यांसमोर, पहिल्या शब्दाला अडखळल्या. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मला झोप लागली नाही.

तेव्हा हे नक्की करा. मेनूत 'ऑटो पॉवर ऑफ' शोधून बंद करा. काही मॉडेलांवर डावीकडची अगदी शेवटची पट्टी दाबून धरून वाद्य चालू केलं की ही सोय बंद होते. तुमच्यावर काय लागू पडतं ते माहितीपुस्तिकेत असतं. आणि काहीही झालं तरी गाण्यांची यादी जाड कागदावर लिहून वाद्याला चिकटवा: गाणं, टोनचा नंबर, ट्रान्सपोजचा आकडा. वाद्य विसरलं तर दहा सेकंदांत परत लावता येतं.

साउंडवाल्याशी आधी बोला. हेडफोनच्या भोकातून आवाज घेताना तो साधी मोनो पिन खुपसतो, आणि स्टिरिओ भोकात मोनो पिन गेली की उजवी बाजू जमिनीला लागते आणि गायब होते. स्टिरिओ पिन आणि तिच्यातून निघणाऱ्या दोन मोनो पिना अशी वायर स्वतःचीच न्या. लॅपटॉप जोडलेला असताना घूं असा आवाज यायला लागला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा, पुष्कळदा तेवढ्याने जातो. अ‍ॅडॅप्टर दुसरा घेतलात तर व्होल्ट अगदी तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनचा आतला भाग प्लस की मायनस हे वाद्यावरच्या चिन्हाशी जुळवून मगच लावा.

लॅपटॉपवरून आवाज काढायचा मार्गही आहे. यूएसबीने जोडलं की बहुतेक स्वस्त वाद्यं आवाज पाठवत नाहीत, कुठली पट्टी दाबली एवढाच निरोप पाठवतात. आवाज लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर काढतं. सर्ज एक्सटी फुकट आहे, आणि डीएक्स७ चे सूर हवे असतील तर डेक्स्डही फुकट. बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज तयार करतो तो तुकडा, २५६ नमुन्यांवर ठेवा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या रेटला जेमतेम सहा मिलिसेकंदांचा उशीर होतो. १०२४ वर ठेवलात तर तेवीस होतात आणि ठेक्याशी बोटं जमत नाहीत. वाद्यावरचं 'लोकल कंट्रोल' बंद करा, नाहीतर दोन्हीकडून सूर येतील. टच मात्र यानेही मिळत नाही, पट्टीला तो नसेल तर लॅपटॉपलाही प्रत्येक सूर एकाच जोराचा कळतो. मी हे घरी करते, कार्यक्रमाला नेत नाही. एक वस्तू कमी, तेवढी काळजी कमी.

पेटीसोबत वाजवणार असाल तर शेवटचं एक काम राहतं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. जुन्या पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झला (पांढरी सहाचा ठरलेला सूर) लागलेल्या नसतात. बाबांची थोडी चढी आहे. पेटी जागच्या जागी लावता येत नाही, सिंथेसायझर येतो. बाबा मध्य सप्तकातली पांढरी सहा लावून भाता धरून ठेवतात. मी ऑर्गनच्या टोनमध्ये, ट्रान्सपोज शून्यावर ठेवून, तोच सूर लावते. दोन सूर जवळ आले की मधे लाटा ऐकू येतात. सेकंदाला तीन लाटा म्हणजे तीन हर्ट्झचा फरक. मेनूतलं ट्यूनिंग एकेक पायरी चढवत न्यायचं. लाटा रुंद होत जातात, मग संथ होतात, मग एखादीच येते. त्या एवढ्या वेळात बाबा डोळे मिटून असतात आणि भाता अगदी सारखा चालू ठेवतात. त्यांची मान हलली की मी बटणावरचं बोट काढते.